आतली कडी

आमली या कारखान्यांच्या वस्तीतल्या त्या चाळवजा इमारतीत रसिका कुणाच्या घरी जात नसे आणि कुणाला आपल्या घरी बोलावतही नसे. "सासऱ्यांना जरा बरं नाही," एवढंच सांगून ती दार लावून घ्यायची. आप्पा सुनेला ओळखत नाहीत, जेवून उठल्यावर पुन्हा ताट मागतात, नेसतं धोतर सोडून व्हरांड्यात येतात, हे चार लोकांत कसं सांगायचं? तिचा नवरा जयवंत सूतगिरणीत सुपरवायझर होता. तो म्हणायचा, "घरातलं घरात राहू दे." त्याला काय, तो शिफ्टला निघून जायचा.

त्या दुपारी गॅसवर दूध ठेवून ती गच्चीवरची ओली चादर काढायला गेली. परत आली तर दार आतून बंद.

"आप्पा, कडी काढा."

"घरात कुणी नाही. पुढे जा."

"आप्पा, मी रसिका!"

"सांगितलं ना, पुढे जा!"

आधी दूध करपल्याचा वास आला. मग दूध उतू जाऊन शेगडी विझली असावी, दाराच्या फटीतून गॅसचा वास यायला लागला. देवापुढे दिवा लावायला आप्पा दिवसातून कितीदा तरी काडी ओढायचे. ती दारावर धक्के मारू लागली, तसे आप्पा आतून ओरडू लागले, "चोर! चोर!"

आजवर जपलेली लाज तिथेच गळून पडली. "अहो, कुणीतरी या हो!" ती किंचाळली.

शेजारच्या पुतळाबाई पीठ लागलेल्या हातांनीच धावत आल्या. त्या शिरपूरकडच्या, नवरा इथल्या कारखान्यात कामगार. दार फोडायला माणसं बोलावू, असं रसिका म्हणाली. त्यांनी तिला गप्प केलं.

"फोडशीन तं म्हतारा घाबरी. कुठला हाये तो?"

"अमळनेरचे."

पुतळाबाईंनी दाराला तोंड लावलं आणि आप्पांच्या गावाकडच्या बोलीत, उन्हातून चालत आलेल्या वाटसरूसारखी अगदी हळू हाक मारली, "आबा, उनमा चालीसन वनू. पानी द्या ना थोडं."

आतलं ओरडणं थांबलं. मग भांड्याचा आवाज. "थांब माय. लयस पानी."

कडी निघाली. आप्पा हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. रसिका त्यांच्या बाजूने आत धावली, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि ओट्याला धरून खाली बसली. रडू थांबेना.

पुतळाबाई आधी पाणी प्यायल्या, मग तिच्याजवळ आल्या. "कवापासून हे?"

"दोन वर्षं झाली."

"अन् एकटी वढतीस? येडी का खुळी तू?"

संध्याकाळी जयवंत आला तेव्हा त्या तिथेच बसल्या होत्या. त्या गेल्यावर तो तणतणला, "आता सगळ्या इमारतीला कळणार."

"कळू दे," रसिका म्हणाली. "उद्यापासून तुम्ही सकाळचीच शिफ्ट मागा, संध्याकाळनंतर आप्पांना तुम्ही बघा. नाहीतर मी माहेरी जाते आणि आप्पांना तुम्ही सांभाळा."

ती असं कधी बोलली नव्हती. आठवड्याभराने जयवंतने साहेबांना सगळं खरं सांगितलं आणि शिफ्ट बदलून घेतली.

जयवंत कामावर असताना दुपारी पुतळाबाई सुपात शेंगा घेऊन आप्पांपाशी बसू लागल्या. त्यांच्या घरी रसिका आडवी व्हायची, पण डोळा लागत नसे. कान भिंतीकडे असायचे. पलीकडे काही पडलं की ती उठून बसायची. पुतळाबाई भिंतीवर थाप मारून ओरडायच्या, "सुपातल्या शेंगा सांडल्या वं माय, झोप!"

एका दुपारी मात्र तिला गाढ झोप लागली.