खिडकीतली पंगत

टिंग. कुंडीच्या काठावर चमचा आपटल्याचा आवाज आला आणि रविवार सकाळची शांतता मोडली. लॅपटॉपशी बसलेली ऋता ताडकन उठली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या टोमॅटोच्या बारा रोपांवर तिची नोकरी अवलंबून होती. तिच्या बियाण्यांच्या कंपनीतल्या काचघरात दिव्यांची दुरुस्ती निघाली, म्हणून तिने ती ट्रामने दोन खेपांत नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या घरी आणली होती. बाराही कुंड्यांत मर रोगाची बुरशी घातलेली. पुढच्या सहांच्या मुळांशी राखणीला जिवाणू. ते मुळांवर ठाण मांडून बसतात, बुरशीला पाय ठेवू देत नाहीत आणि रोपालाही आधीच सावध करतात. मागच्या सहांना काहीच नाही. त्यांनी माना टाकायच्या, सोमवारी बॉस मराइकाने दोन्ही रांगा बघायच्या, की ऋताची नोकरी पक्की.

पण पंधरा दिवसांत एकही रोप मान टाकेना. बुरशीच आजारी पडली की काय, या काळजीने ऋताला जेवण जात नव्हतं.

ती आत गेली. पुण्याहून आलेल्या सासूबाई, जयंतीबाई, दह्याच्या चमच्याने पुढच्या कुंडीतली माती मागच्या कुंडीत घालत होत्या. पाच वर्षांची स्वानंदी स्टुलावर उभी राहून कुंडी धरत होती.

जयंतीबाईंनी काही लपवलं नाही. चांगले जिवाणू कुठल्या मातीत आहेत ते सुनेनेच पहिल्या दिवशी कौतुकाने सांगितलं होतं. तेव्हापासून दुधाला विरजण लावावं तशी रोज चमचा चमचा माती त्या मागे पोचवत होत्या.

"एका पंगतीला बसवायचं आणि निम्म्यांना उपाशी ठेवायचं? असला पंक्तिप्रपंच माझ्या डोळ्यांदेखत नाही व्हायचा."

"आई, मागची रोपं आजारी पडायलाच हवी होती."

"शुभ बोल गं. लेकरासमोर काय हे."

ऋताला आधी हसू आलं, मग रडू. तिने मराइकाला खरं ते कळवलं. रविवारी कामाच्या मेसेजकडे ढुंकूनही न बघणाऱ्या मराइकाचं उत्तर दोन मिनिटांत आलं: प्रयोग बाद, पुन्हा कर, नोकरीचं त्यानंतर बघू. आणि सासूबाईंना एकदा घेऊन ये, मला भेटायचंय.

ऋताने बारा रिकाम्या कुंड्या ओट्यावर मांडल्या. सहा पुढे, सहा मागे. जयंतीबाई चमचा धुऊन, तोंड फिरवून बसल्या.

स्वानंदी एरवी डचमध्येच उत्तरं द्यायची. आज मात्र दोन्ही रांगांकडे बघत तिने आजीच्या मराठीत विचारलं,

"मम्मा, ह्या वेळी उपाशी कोणी राहायचं, ते कोण ठरवणार?"