कन्नडहून घरचा डबा उघडताना

राजेंद्र टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले तेव्हा खात्यानं शाल दिली. संशयी स्वभाव त्यांचा स्वतःचा होता. परक्या कंपनीच्या कपाटात आपली कागदपत्रं ठेवायची नाहीत म्हणून त्यांनी पुंडलिकनगरच्या घरात, टीव्हीखाली, स्वतःचा सर्व्हर बसवला. घरात त्याला डबा म्हणत. बाहेरून डब्यापर्यंत एकच बंदिस्त वाट, आणि त्या वाटेनं आत येऊ शकणारे फोन जगात दोन: त्यांचा आणि मुलीचा, तनुजाचा. बायकोच्या, द्वारकाबाईंच्या फोनला मनाई. "तू कुणाच्याही हातात फोन देतेस," हे कारण.

"कागदं घेऊन हिंडायची गरजच नाय," ते तनुजाला म्हणाले होते. "कुठूनबी काढू."

आज ते 'कुठूनबी' म्हणजे कन्नड, तालुक्याचं गाव. इथल्या कॉलेजात तनुजाची मुलाखत होती, आणि चार वर्षं तासिका तत्त्वावर घालवल्यावर कायम जागेची ही पहिलीच. दोन वाजता कारकुनानं फाईल चाळली.

"अनुभव प्रमाणपत्र?"

"मूळ प्रत विद्यापीठात जमा आहे, सर."

"झेरॉक्स द्या. पण तीनच्या आत. तीनला यादी आत जाते, मग मी नाही अन् तुम्ही नाही."

राजेंद्र हसले. या क्षणासाठीच तर त्यांनी डबा बसवला होता. त्यांनी फोन काढला. गोल फिरू लागलं. फिरत राहिलं. तनुजाच्या फोनवरही तेच. ते व्हरांड्यात गेले, मग मैदानात, मग पाण्याच्या टाकीजवळ. रेंज सगळीकडं पुरेपूर होती.

"हल्ला झालाय," ते म्हणाले.

"पप्पा, आपल्या घरावर कोण हल्ला करंल?" तनुजा म्हणाली आणि आईकडं वळली. "आई, निघताना मेन स्विच बंद केलास?"

"मग? कुलूप लावलं की मेन बंद. बत्तीस वर्षं करतेय."

"तुला सांगितलं होतं ना!" राजेंद्र ओरडले. "डबा बंद करायचा नाय!"

"मी डब्याला हात लावला का? विचारा डब्याला." द्वारकाबाईंनी पदर सावरला. "करुणाताईंना फोन लावते. किल्ली त्यांच्याकडं आहे."

"आपली किल्ली? त्यांच्याकडं? कधीपासून?"

"दूध कोण आत ठेवतं, तुमचा डबा?"

शेजारच्या करुणाताई कोर्टात टंकलेखक होत्या, आता निवृत्त. पाच मिनिटांत त्यांनी मेन चालू केलं. फ्रिज घुरघुरला, डबा पिपाणीसारखा वाजला.

"भाऊजी, स्क्रीनवर पासवर्ड मागतंय."

ही राजेंद्रांचीच करणी. वीज जाऊन आली की डबा पासवर्ड घेतल्याशिवाय उघडायचा नाही, आणि तो घरच्या कीबोर्डवरूनच द्यायचा. चोरानं डबा उचलून नेला तरी त्याला नुसतं लोखंड मिळावं.

दोन वीस. गाडीनं घरी जायला दीड तास.

"सांगा ना, पप्पा."

"नाय सांगता येत."

"इतका अविश्वास? त्या रोज आपलं दूध ठेवतात!"

फोन घेऊन राजेंद्र सायकल स्टँडच्या मागं गेले. परत आले. पुन्हा गेले. तनुजा मागं गेली नाही. तिथंच उभी राहून हातातली फाईल उघडत मिटत राहिली. राजेंद्रांनी एकदा वळून तिच्याकडं पाहिलं आणि फोन तोंडाजवळ धरला.

"ताई, इंग्रजी अक्षरं. सगळं सलग. करुणाताई..."

"हां, बोला की. ऐकतेय."

"नाय, तेच लिहा. करुणाताई."

तिकडं कीबोर्ड वाजला. "लिहिलं. पुढं?"

"रोज. गाडी. आमच्या. गेटसमोर. लावतात."

कीबोर्ड थांबला. मग खाडखाड, एका दमात, कोर्टातल्या वेगानं.

"चूक आहे म्हणतंय."

"स्पेलिंग बघा."

"भाऊजी, माझ्या स्पेलिंगमध्ये जज्जसाहेबांनी चूक काढली नाही कधी. मी 'रोज' नाही लिहिलं, 'कधीकधी' लिहिलं. खरं असंल तेच लिहीन मी."

"ताई, खऱ्याखोट्याचा प्रश्न नाय! पोरीची मुलाखत आहे. रोजच लिहा!"

"म्हणजे मी माझ्या हातानं कबुली देऊ?"

"हात जोडतो. रोज."

"तनुजासाठी लिहितेय. तुमच्यासाठी नाही." पहिल्यापासून पुन्हा खाडखाड, चाळीसेक आवाज झाले असतील, राजेंद्रांना चारशे वाटले. "उघडलं."

तनुजाच्या फोनवरचं गोल थांबलं. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्यानं कागद काढला. दोन बावन्नला कारकुनानं तो हातात घेतला, उन्हाकडं धरला आणि शिक्का मारला. यादीत तनुजा नवव्या नंबरवर. तीन पंचवीसला तिचं नाव पुकारलं गेलं. फाईल छातीशी धरून ती आत गेली आणि दार लागलं.

"काय हो, लाजत होता कशाला?" द्वारकाबाईंनी विचारलं. "मला सांगा ना पासवर्ड."

"सांगायला करुणाताई आहेत की," राजेंद्र पुटपुटले.

फोन वाजला. त्याच होत्या. "भाऊजी, मी इथंच बसलेय. टेप आणून ठेवलाय. गाडी कुणाच्या गेटसमोर असते, ते तुम्ही आल्यावर मोजू."

राजेंद्रांनी बंद दाराकडं पाहिलं. आधीच्या आठ जणांना तीन-तीन मिनिटांत बाहेर काढलं होतं. तनुजाला त्यांनी तासभर तरी प्रश्न विचारावेत, असं त्यांना मनापासून वाटलं, आणि यावेळी ते नुसतं पोरीसाठी नव्हतं.