मोठ्या अक्षरांतला निरोप

“सूनबाई, हे खिशात जात नाही,” असं बाबा दुकानातच म्हणाले होते. नवाकोरा टॅबलेट त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशाला टेकवून दाखवला. त्याच्या एका कोपऱ्यानेच खिसा भरला.

“खिशात कशाला घालायचाय? घरातच तर असता तुम्ही.”

“अगं, घरात काय मी खिसा काढून ठेवतो?”

दुकानदार हसला, मीही हसले, आणि त्याला बिल करायला सांगितलं.

बाबा म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी त्यांनी सिनेमा थिएटरच्या मशीनरूममध्ये प्रोजेक्टर चालवण्यात काढली, म्हणून इमारतीतले सगळे त्यांना अजूनही ‘ऑपरेटर’च म्हणतात. सासूबाई गेल्यापासून ते तिथे सगळ्यात वरच्या मजल्यावर एकटे राहायचे आणि आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्यांच्याकडे साबणाच्या वडीएवढा बटणांचा एक फोन होता. तो कायम शर्टाच्या खिशात. इकडून लावला की घंटी पुरती वाजायच्या आत तिकडून “बोला” यायचं. त्या फोनमध्ये एकच खोट होती, त्यातून काही दिसायचं नाही.

आणि मला बघायचं होतं. बाबांनी दाढी केली का, गॅस बंद केला का, काल आणलेला पाव तसाच पडलाय का. खरं सांगायचं तर, बघता आलं म्हणजे जावं लागणार नव्हतं. लेक कडेवर, तिच्या दुपट्यांची पिशवी खांद्यावर, आणि ते न संपणारे जिने. हे मी नवऱ्याला बोलून दाखवलं नाही. त्याला म्हणाले, “बाबांना नात दिसेल, आणि अक्षरंही मोठी करता येतील.” दोन्ही खरं होतं. म्हणून तर बोलताना जीभ अडखळली नाही.

अक्षरं मी होतील तेवढी मोठी करून दिली. बाबा मान मागे घेऊन म्हणाले, “ही तर पाट्या रंगवणाऱ्याची अक्षरं झाली. जन्मभर पडद्याकडे जात होतो, आता पडदाच घरी आला.” जुन्या फोनमधलं कार्ड काढून टॅबलेटमध्ये घातलं आणि तो बटणांचा फोन ठकीला, म्हणजे माझ्या लेकीला, खेळायला देऊन टाकला. तिला दात येत होते, हाताला लागेल ते ती चावायची. पण खरं कारण ते नव्हतं. तो फोन घरात राहिला असता तर बाबा पुन्हा त्याच्याकडेच वळले असते.

टॅबलेट स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पावाच्या डब्याला टेकवून उभा असायचा. बाबा समोर बसले की छान दिसायचे. पण ते उठले की मला नुसती खुर्ची दिसायची. ते न्हाणीघरात किंवा गच्चीवर कुंड्यांना पाणी घालायला गेलेले असले, की फोन टेबलावर वाजत राहायचा आणि इकडे मी लावतच राहायचे. मग मी त्यांच्यावर चिडायचे.

“बाबा, जवळ ठेवत जा ना. माझा जीव टांगणीला लागतो इथे.”

“अगं, ते काय मांजर आहे, माझ्या मागे मागे फिरायला?”

“मग तुम्ही न्या सोबत.”

पुढच्या वेळी फोन लावला तर बाबा उभे राहून मला पोट दाखवत होते. थिएटरच्या जुन्या खुर्चीच्या जाड कापडाची पिशवी त्यांनी स्वतः शिवली होती, लांब बंदाची, गळ्यात अडकवायची. टॅबलेट छातीपासून पार बेंबीपर्यंत लोंबत होता.

“झालं समाधान? पोस्टमन दिसतोय की नाही?”

“छान आहे हो,” मी म्हणाले.

ठकीसाठी मी टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवलाय. नवं खेळणं तिच्या हाती द्यायच्या आधी त्याचा कुठला तुकडा निघून घशात जाईल का, हे मी ओढून, वाकवून बघते. आणि पोटावर फळी बांधून जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आपली पावलं दिसत नाहीत, हे मात्र मला सुचलं नाही.

पिशवीचा आणखी एक ताप होता. आत काच घासली जाऊन आपोआप मला फोन लागायचा. उचलावा तर अंधार, कापडाची खसखस, आणि बाबांच्या श्वासाचा आवाज. दिवसातून कितीतरी वेळा. आमच्या घरात त्याला ‘पिशवीचा फोन’ असं नावच पडलं होतं. “कोण आहे?” असं नवऱ्याने विचारलं की मी म्हणायचे, “कोणी नाही, पिशवी.”

त्या दिवशी ठकीला ताप होता. सकाळभर रडून ती दुपारी माझ्या खांद्यावर कशीबशी डोळे मिटत होती. तेवढ्यात फोन थरथरला. अंधार, खसखस, श्वास. “बाबा, पिशवी,” मी कुजबुजले आणि कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला. श्वास जरा मोठा वाटला, पण म्हटलं, जिना चढत असतील. तिसऱ्यांदा आला तेव्हा ठकी दचकली. मी एका अंगठ्याने लिहिलं, “बाबा, सारखा फोन लागतोय. ठकी आत्ता झोपलीय. तो बंद करून ठेवा बघू.” निरोप पाठवला आणि माझ्या फोनचा आवाज घालवला. मग ठकीला घेऊन मीही आडवी झाले आणि मला झोप लागली. गाढ.

जाग आली तर नवऱ्याचे फोनवर फोन येऊन गेले होते. तळमजल्यावरच्या बाई गच्चीवरचे वाळलेले कपडे काढायला निघाल्या, तर बाबा जिन्याच्या वळणावर पडलेले. गच्चीतून उतरताना पायरी चुकली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशन झाल्यावर आम्ही खाटेजवळ उभे होतो. नवरा म्हणाला, “बाबा, फोन गळ्यातच होता ना? मग लावला का नाही?”

बाबा छताकडे बघत राहिले. “हात पोचला नाही रे.”

“तेवढं धूड, गेलं असेल घरंगळत,” असं पुटपुटत नवरा औषधं आणायला गेला.

मी खाटेच्या पायथ्याशी ठकीला घेऊन उभी होते. आलेले सगळे फोन माझ्या फोनमध्ये नोंदलेले होते.

“बाबा, हात पोचला होता.”

“बोटांची टोकं पोचली होती,” ते म्हणाले. “अर्धा पिशवीत, अर्धा बाहेर. खाली तुला फोन लावायचं बटण तेवढं दिसत होतं. बोलायला गेलो, तर कळ अशी की तोंडातून शब्द निघेना. मग तुझा निरोप आला.”

“वाचता आला?”

“चष्मा कुठे उडाला कोण जाणे. पण आला वाचता. अक्षरं मोठी होती ना.” माझ्या सोयीचं कौतुक करावं तसं ते म्हणाले. “ठकी झोपलीय म्हटल्यावर मग नाही लावला.”

ठकी त्यांच्या पांघरुणाची कड ओढत होती.

“पोराला सांगत बसू नकोस,” ते म्हणाले. “उगाच तुमच्यात बोलाचाली नकोत.”

मी मान डोलावली. सगळ्यात जास्त लाज मला त्या मान डोलावण्याची वाटते. कारण आधी सुटल्यासारखं वाटलं होतं.

घरी आल्यावर मी बटणांचा फोन शोधला. सोफ्याखाली, एका मोज्यात गुंडाळलेला सापडला. कडेला ठकीच्या दातांच्या खुणा होत्या आणि मधलं बटण चावून चपटं झालं होतं. पुसला, चार्जिंगला लावला. तो अजून चालत होता.

नवऱ्याला मी काही दिवसांनी सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “आणि बाबांनी माझ्याशी खोटं बोलायचं, तुझ्यासाठी?” त्यानंतर त्याने हा विषय काढलेला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

आता बाबा आमच्याकडे असतात, पलीकडच्या खोलीत. वॉकर धरून दारापर्यंत येतात. गच्चीवरच्या कुंड्या तळमजल्यावरच्या बाई बघतात. तो बटणांचा फोन पुन्हा बाबांच्या शर्टाच्या खिशात असतो. पाणी हवं असलं की ते मला फोन लावतात आणि मी हातातलं टाकून धावते. पण दर वेळी पाणी मागायच्या आधी हळू आवाजात विचारतात, “ठकी झोपली नाहीये ना?”

तुमच्याही माणसांत कोणीतरी असेल, ज्याचा फोन आला की तुम्ही ‘चुकून लागला असेल’ म्हणून कापता. हे वाचून झालं की त्यांना फोन लावा. जमलं तर उठून जाऊनच या. त्यांचा फोन कुठे असतो ते बघा, आणि जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात तिथवर पोचतो का, तेही बघा. त्यांना विचारू नका. ते पोचतो म्हणूनच सांगतील.