चुनबेच्या डोक्यावरचं सूप

गोधडी ओली निघाली तशी म्हातारीनं ती उचलली आणि गल्लीकडच्या कुडावर फेकली. मुद्दाम गल्लीकडच्या. घरामागं कूड नव्हता असं नाही, पण मागं टाकलेली गोधडी कोण बघणार?

सून मालसुक चुलीपुढं होती. पाठीला तान्ही पोर बांधलेली, हातात सातूचा भात हलवायची पळी. तिनं मान वर केली नाही. भात करपायला लागला होता, तरी ती एकाच जागी पळी फिरवत राहिली.

"ऊठ रं मुतऱ्या," म्हातारी आत जाऊन नातवाला म्हणाली. "बाप्या व्हायला निघाला आन अंथरुणात पूर आणतोय. सूप घे डोक्यावर. जा, मीठ मागून आण."

आमच्याकडं ही रीतच आहे. अंथरुणात मुतलेल्या पोराच्या डोक्यावर पाखडायचं सूप पालथं घालायचं, हातात वाळल्या भोपळ्याची कवटी द्यायची आणि शेजारी मीठ मागायला धाडायचं. शेजारीण मीठ देते, पण आधी भाताच्या पळीनं सुपावर दोन हाणते आणि विचारते, पुन्हा मुतशील का? पोर रडतं, गल्ली हसते, आणि म्हणे अंथरूण कोरडं होतं. मार सुपाला बसतो, लागतो पोराला. गावाची सगळी औषधं अशीच असतात. फुकटची, आणि दुसऱ्याच्या अंगावर करून बघायची.

पाच वर्षांचा चुनबे सूप घालून गेला. समोरच्या घरात बांगोलवाली म्हातारी राहायची. बांगोल तिचं माहेर. बाईला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारायची ही आमची पद्धत, त्यामुळं स्वतःचं नाव तिचं तिला तरी आठवत असेल का कोण जाणे. तिनं सुपावर दोन हाणल्या, थोडं मीठ कवटीत टाकलं, चिमूटभर पोराच्या डोक्यावर उडवलं. चुनबे नाक ओढत परत आला. गल्लीतल्या बायका पोट धरून हसल्या. त्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं. त्यातली प्रत्येक जण लहानपणी ते सूप घालून हिंडली होती.

वाईट होतं ते चुलीपुढं बसलं होतं. चुनबे मुतलाच नव्हता. मुतली होती मालसुक.

पाठीवरच्या या पोरीच्या वेळी तिला बाळंतपण जड गेलं. दोन दिवस कळा खाल्ल्या. पोर आली तेव्हा दाराला डाव्या पिळाचा दोर बांधला गेला, त्यात कोळसा आणि पाइनची डहाळी खोवली. तो दोर दारावर असला की परक्या माणसानं आत यायचं नाही आणि बाळंतिणीनं बाहेर पडायचं नाही. तीन आठवडे तिनं पडून राहायचं, समुद्रातल्या शेवाळाचं कालवण भुरकायचं, अंग भरून येऊ द्यायचं. पण लावणी सुरू झाली. गावात सावडीनं काम चालतं, आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. ज्या घरचा माणूस येत नाही, त्याच्या खाचरात कुणी येत नाही. पाट भरून वाहत होता, रोपं पिवळी पडायला लागली होती. म्हातारीनं एक दिवस विळा घेतला आणि अर्ध्यातच दोर कापला. मालसुक चिखलात उतरली, दिवसभर कंबरेत वाकली, आणि त्या चिखलात तिचं अंग सैल पडलं ते पडलंच. खोकली की गळायचं. ओझं उचललं की गळायचं. रात्री तर कळायचंसुद्धा नाही.

कुणाला सांगणार? नवऱ्याला? तो बाहेरच्या खोलीत बैलाशेजारी झोपायचा आणि बैलाइतकंच बोलायचा. सासूला? म्हातारी सात वेळा बाळंत झालेली, आणि सातव्या खेपेला म्हणे तिसऱ्या दिवशी विहिरीवर गेलेली. खालच्या आळीतल्या एका बाईचं असंच अंग सैल पडलं होतं. घरच्यांनी आधी तिला गोठ्यात झोपवलं, मग माहेरी धाडलं. पोरं ठेवून घेतली. ती वाटेनं निघाली तेव्हा बायका नाक दाबून बाजूला झाल्या होत्या, आणि त्यांत मालसुकही होती.

म्हणून गोधडी ओली निघाली आणि सासूनं पोराचं नाव घेतलं, तेव्हा मालसुक गप्प राहिली. पोर शेजारीच झोपलेलं, कुणाचं पाणी कुणाला ठाऊक, असं तिनं स्वतःला सांगितलं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची तर निदान चोरानं तोंड फिरवावं. तिनं भाताच्या वाफेत तोंड घातलं.

दुसऱ्या खेपेला तसं सांगायचीही सोय राहिली नाही. पहाटे तिला जाग आली. परकर ओला, खाली ओलं, आणि हातभर अंतरावर चुनबे कोरडा ठणठणीत. आता म्हातारी उठेल, गोधडी चाचपेल, पोराची विजार चाचपेल. मालसुकनं परकर बदलला. मग पोराच्या खाली हात घातले, त्याला उचललं आणि ओल्यात ठेवलं. झोपेत त्यानं तिच्या गळ्यात हात टाकला. आईनं जवळ घेतलं असं वाटलं असेल त्याला. तिनं तो हात हळूच सोडवला, आणि विजार पुरती भिजेपर्यंत वाट बघितली.

हे लिहायला हात कचरतो, पण करताना तिचा हात कचरला नाही. भ्यालेल्या बाईचे हात फार सफाईनं काम करतात.

त्या दिवशी चुनबेला मीठ मिळालं तसं नावही मिळालं. गल्लीतली पोरं त्याला मीठवाला म्हणायला लागली. खाचरात बायका भांगलण करता करता ओरडून विचारायच्या, मीठवाल्या, पाऊस कधी पाडतोस, रोपं सुकायला लागली. चुनबे आधी दगड भिरकावायचा. मग तेही सोडलं.

मग एका दुपारी उनोक, मालसुकची थोरली, आठ वर्षांची, बांधावर जेवण घेऊन आली, मागं चुनबे. ऊन असं की चिखल हाताला भाजत होता आणि जळवासुद्धा सावलीला गेल्या होत्या. उनोकनं टोपली उतरवली आणि म्हणाली, "आई, चुनबे येडा झालाय. दोन दिस झालं पाणी पीत न्हाई. कालवण दिलं तर नुसता भात काढून खातो. राती मांडी घालून बसतो आन डुलक्या खातो. निजलास तर काय व्हतंय इचारलं, तर म्हनतो, निजलं की यितं."

मालसुकनं चुनबेला जवळ ओढलं. ओठ फुटलेले, जीभ चिकटलेली. तिनं पाण्याची कवटी त्याच्या तोंडाला लावली. त्यानं दात आवळले.

"पी की रं. मरशील."

तो तिच्याकडं बघत म्हणाला, "आई, म्या पानीच पीत न्हाई. मग यितं कुटनं?"

बाजूच्या बायका हसल्या. एकजण म्हणाली, पोरगं मोठेपणी वैद्य होणार. मालसुकनं कवटीतलं पाणी चिखलात ओतलं आणि वाकून भांगलायला लागली. वाकली तशी पुन्हा गळली. चिखलात उभ्या बाईचं ओलं कुणाला दिसत नाही, तेवढंच एक बरं.

तिसऱ्या खेपेला सकाळी गोधडी परत ओली निघाली. पोराला उचलून ओल्यात ठेवायचं त्या पहाटे तिच्यानं झालं नाही. तो भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपला होता. म्हातारीनं गोधडी चाचपली, पोराची विजार चाचपली, ती कोरडी लागली, तरी म्हणाली, "इजार काढून मुततोय आता. हुशार झालाय." माणसाला जे बघायचं नसतं ते हाताला लागलं तरी कळत नाही. "आज एका घरी न्हाई. आज बांगोलवालीकडं समदी सावड जमलीय न्याहारीला. समद्यांच्या म्होरं जा."

चुनबे रडला नाही. तो उठला, खुंटीजवळ गेला, टाचा उंच करून सूप काढलं आणि स्वतःच डोक्यावर घेतलं. सूप मोठं, ते घसरून नाकापर्यंत आलं. त्यानं एका हातानं ते सावरलं आणि दुसऱ्या हातानं कवटी शोधायला लागला. सुपाखालून त्याला दिसत नव्हतं, म्हणून जमीन चाचपत होता. आंधळ्या भिकाऱ्यासारखा.

मालसुक चुलीपासून उठली. पाठीची पोर तशीच. तिनं चुनबेच्या डोक्यावरचं सूप काढलं आणि आपल्या डोक्यावर घातलं. कवटी उचलली. म्हातारी काय गं, काय गं करत राहिली आणि ही अंगण ओलांडून, गल्ली ओलांडून समोरच्या दारात शिरली.

अंगणात चटईवर सगळ्या बायका बसल्या होत्या. मध्ये भाताची पाटी, मुळ्याची किमची, प्रत्येकीच्या पाठीमागं खुरपं. सूप बघून आधी हशा पिकला. मीठवाला दमला वाटतं, आईला धाडलंय, कुणीतरी म्हणालं. बांगोलवालीनं सवयीनं पळी उचललीसुद्धा.

"त्येनं न्हाई धाडलं," मालसुक म्हणाली. "मीठ द्या. मीच मुतले. तिन्ही येळा मीच."

पळी वरच राहिली.

"कवापास्नं?" बांगोलवालीनं विचारलं.

"दाराचा दोर तोडला तवापास्नं."

तो दिवस सगळ्यांना माहीत होता. त्या दिवशी तिच्या डाव्या-उजव्या हाताला रोपं लावत होत्या त्याच बायका इथं भात खात होत्या. त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यातल्याच दोघी कुडाबाहेर उभ्या राहून ओरडल्या होत्या, बाळंतपण काय एकटीलाच आलंय का, आमची सावड फुकटची का. आता त्या दोघी भातातला खडा शोधायला लागल्या. एकजण अवघडून मांडी बदलून बसली. दुसरीनं तिच्याकडं बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. त्या अंगणात खरंच किती जणींचं कोरडं होतं, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

बांगोलवालीनं पळी खाली ठेवली. मिठाच्या मडक्यात दोन्ही हात घातले आणि कवटी भरून सांडेपर्यंत मीठ घातलं.

तेवढ्यात सासू दारात आली. धापा टाकत होती. "घराची अब्रू घालवलीस की गं. झाकली मूठ व्हती."

"मूठ तुजी न्हवं, तिची," बांगोलवाली म्हणाली. "आन झाकलेली कुटं? गळतीय ती. तू आन आमी समद्यांनी मिळून तिचं आंग मोडलंय. जा, लेकाला म्हनावं दोर वळ. नवा. डावा पीळ दे म्हनावं, इसरला आसंल."

म्हातारी काहीतरी बोलणार होती. मग तिनं चटईवरच्या बायकांकडं बघितलं. कुणीच तिच्या बाजूचं दिसेना. ती आली तशी गेली.

दुपारी चुनबेच्या बापानं ओसरीवर बसून दोर वळला. हाताला उजव्या पिळाची सवय, दोनदा उसवला. बायकोकडं त्यानं बघितलं नाही, पण दोर भक्कम वळला, बैलाला बांधावा तसा, आणि दाराला आडवा बांधून त्यात कोळसा आणि डहाळी खोवली. पालथं पडायला बघणाऱ्या पोरीच्या नावानं बाळंतिणीचा दोर! गाव महिनाभर हसलं. पण सावडीला मालसुकच्या जागी रोज पाळीपाळीनं एकेक बाई उतरत होती, आणि त्याचा हिशोब कुणी मांडला नाही. तेवढ्यानं ती बरी झाली का? नाही. सैल पडलेलं अंग दोरानं आवळत नाही. पण कंबर टेकायला मिळाली, आणि माहेरी धाडायचं नाव त्या घरात कुणी काढलं नाही. काढलं असतं तर बांगोलवाली पळी घेऊन समोरच बसली होती.

ही झाली गावाची गोष्ट. घरातली अजून व्हायची होती.

दोर बांधून झाल्यावर मालसुकनं मिठाची कवटी रिकामी केली, धुतली, पाण्यानं भरली आणि चुनबेपुढं धरली. तो ओसरीच्या कडेला पाय सोडून बसला होता.

"पी आता. तू न्हवतास."

"म्या न्हवतो?"

"न्हाई. कवाच न्हवतास."

त्यानं कवटी घेतली, पण तोंडाला लावली नाही. पाण्यात बघत बसला. मग विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

खोटं बोलायला जागा होती. पोर पाच वर्षांचं. मला पण आजच कळलं म्हणाली असती, तर त्यानं मानलं असतं आणि संध्याकाळी येऊन तिच्या कुशीत शिरला असता. चटईवरच्या सगळ्या बायकांपुढं तोंड उघडणं त्या मानानं सोपं होतं.

"व्हय," ती म्हणाली. "ठावं व्हतं."

चुनबे पाणी प्यायला. घटाघटा, श्वास न घेता, सगळं. हनुवटीवरून ओघळ छातीवर आला. रिकामी कवटी त्यानं तिच्या हातात दिली नाही. खाली ठेवली आणि उठून आजीकडं गेला.

अंधार पडल्यावर त्यानं आपली उशी आणि गोधडी उचलली आणि आजीच्या पलीकडं, भिंतीकडं नेऊन टाकली. म्हातारीनं सुनेकडं बघितलं. सुनेनं दिवा विझवला.

सकाळी मालसुक आपली ओली गोधडी घेऊन बाहेर आली. घरामागच्या कुडाकडं वळायला आता काही अर्थ नव्हता. ती गल्लीकडं आली तर चुनबे तिथं आधीच उभा होता. कुडाला दगड लावून त्यावर चढला होता आणि आपली गोधडी वर पसरत होता. वाळवायची काही गरज नव्हती. गोधडी कोरडीच होती. येणाऱ्या-जाणाऱ्यानं हात लावून बघावं एवढी नीट त्यानं ती पसरली, कोपरे ओढून.

मालसुकनं शेजारी आपली टाकली.

चुनबेनं तिच्याकडं बघितलं नाही. दगडावरून उतरला, आपली गोधडी धरली, आणि हातभर पलीकडं सरकवली.