तिसऱ्या रांगेतली आई

मी सिनेमा बोलतोय. पत्र्याच्या डब्यात गुंडाळून ठेवलेला, गंभीर, रडका सिनेमा. लोकांनी रडावं म्हणूनच मला केलं होतं. ते रडले नाहीत, याला मी काय करू?

माझी गोष्ट साधी. मासळी साफ करणारी मारिना गायिका व्हायला अथेन्सला पळते आणि त्या धक्क्याने आई मरते. शेवटी भरल्या नाट्यगृहात, प्रेक्षकांकडे पाठ करून मारिना हंबरडा फोडते, "आई, आज तू हवी होतीस!" मागे तिसऱ्या रांगेत मेलेली आई जोरजोरात टाळ्या वाजवत असते. प्रेक्षकांत बसवायला माणसं कमी पडली, म्हणून आईचं काम करणाऱ्या नटीलाच बसवलेली.

ग्रीसमधल्या कालामाता गावातल्या उघड्या थिएटरात उन्हाळ्याचा शेवटचा खेळ माझा असतो. सूर्यफुलाच्या बिया फोडत अख्खी गल्ली ओरडते, "अगं बये, मागे बघ!" हसण्याने शेजारच्या झाडाचे कच्चे अंजीर गळतात. खोटं वाटत असेल तर झाडाच्या मालकाला विचारा, तो भांडायला आला होता.

मलाही वाटतं, एकदा तरी मारिनाची मान वळवावी. पण जे एकदा माझ्यात उमटलं, ते तसंच राहतं.

समोरच्या घरात, वरच्या मजल्यावर लुकियाबाई राहतात. मारिना त्यांनीच केली होती. माझ्यानंतर त्यांना कुणी काम दिलं नाही.

"लुकियाबाई, या की खाली!" बेकरीवाली तासुला हाक मारते.

"डोकं दुखतंय गं."

"बरोबर याच दिवशी कसं दुखतं हो दर वर्षी?"

खिडकी बंद. फटींतून माझा उजेड आत जायचा, तेव्हा त्या खुर्चीत ताठ बसून ऐकताना दिसायच्या. त्याही माझ्यासारख्याच कोंडलेल्या.

यंदा मारिनाने तोंड उघडलं आणि मी तटकन तुटलो. पडदा पांढराफटक. यंत्र चालवणारा स्ट्रातिस शिव्या घालत धावला. लोक कसले थांबतात! मासळीवाला फोतिस खुर्चीवर चढला आणि छातीवर हात ठेवून किनऱ्या आवाजात किंचाळला, "आईऽऽ, तू हवी होतीस आऽऽज!"

वरची खिडकी धाडकन उघडली.

"चूक! 'आज' आधी येतं, गाढवा! आणि त्याच्याही आधी श्वास घ्यायचा!"

लुकियाबाईंनी श्वास घेतला आणि ते वाक्य म्हटलं. बिया फोडणं थांबलं. तासुलाने पदरासारखा ॲप्रन डोळ्यांना लावला. माझा जन्म ह्याचसाठी होता.

मग फोतिस हळूच म्हणाला, "बाई... मागे बघा."

आणि बाईंनी खरंच मागे पाहिलं! रिकामी खोली. कठडा धरून त्या अशा हसत सुटल्या की बोलता येईना.

"अरे, मी तेव्हाच सांगितलं होतं दिग्दर्शकाला! तर म्हणतो कसा, कोण बघतंय!"

स्ट्रातिसने फाटका तुकडा कापून मला चिकटवलं. आता मारिना तोंड उघडते आणि थेट पडदा पडतो. ते वाक्य माझ्यात नाही. ते सुटलं, लुकियाबाईही सुटल्या.

मी पुन्हा डब्यात आहे, झाकण घट्ट लावलेलं. मंडळी, एकच विनंती. माझ्यात अजून बरीच माणसं अडकली आहेत. मला फार जपू नका.