उसवलेली दुमड

फ्रॉक हातात दिला तेव्हा कावेरीने तो अंगावर धरून पाहिला नाही. तळाची दुमड उलटून तिने मशीनची सरळ टीप पाहिली, फ्रॉक जमिनीवर ठेवला आणि खाटेखाली जाऊन बसली. आणि मी वेडी, शाबासकीची वाट पाहत उभी!

म्हैसूरला चामराजपुरमच्या त्या मुलींच्या आश्रमात मी दर गुरुवारी शिवणाला जायची. आता तिथे बँक आहे. त्या मागच्या पडवीची, नंजनगूडच्या गाडीच्या शिट्टीची, टाचण्यांचा डबा सांडवणाऱ्या पोरींची आठवण आली की अजून जीव तुटतो.

कावेरी जवळच्या येलवाल गावची, सात वर्षांची. तिची आई तिच्या डोळ्यांदेखत स्टोव्हच्या भडक्यात गेली. वडील आधीच वारले होते. आश्रमात स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला तरी पोर खाटेखाली शिरायची. रडायची मात्र नाही. आता अशा मुलांसाठी डॉक्टर असतात. तेव्हा आश्रम सांभाळणाऱ्या शकुंतलाबाई एवढंच म्हणायच्या, भीती बसली आहे, वेळ लागेल.

घरचा तो पिवळा फ्रॉक ती गणवेशाच्या आत घालायची, धुवायलाही देत नसे. बोलायची फक्त माझ्याशी, कारण तिच्या घरासारखी मराठी तिथे मीच बोलायची. तीन महिन्यांनी तिने तो आपणहून माझ्या हाती दिला. वीतभर दुमड सुटली होती, तेवढीच शिवायची होती.

पण आम्ही पिढीजात शिंपी. वाकडी शिलाई दिसली की आमचे हात शिवशिवतात. टाके सगळे भलतीकडे कललेले, दोरा गुलाबी. मी आख्खा घेर उसवला आणि पिवळ्या दोऱ्याने झकास टीप मारली. जुना दोरा केरात गेला. ते टाके तिच्या आईने घातले असतील, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्यानंतर ती माझ्याशीही बोलेना. जेमतेम दोन घास खायची. मला घरी अन्न गोड लागेना. आईची म्हणून उरलेली एवढीच वस्तू, आणि ती मी माझ्या हाताने उसवली होती. मी रोज जाऊ लागले. खाटेशेजारी जमिनीवर बसून तिला सांगितलं, चूक माझी आहे. टीप काढली, गुलाबी दोरा आणला, हाताने मुद्दाम वाकडे टाके घातले. ती बघायची आणि फ्रॉक माझ्याकडे सरकवायची. मी पुन्हा उसवायची.

बाराव्या दिवशी खाटेखालून आवाज आला.

"तसं नाही, अक्का. अम्मा ह्या हातानं शिवायची." तिने डावा हात पुढे केला होता.

इतकी वर्षं शिवणात घालवली, आणि डावखुऱ्या बाईचे टाके मला ओळखू आले नव्हते! लाज वाटली. मी सुई डाव्या हातात घेतली. बोटांची चाळण झाली. वीतभर शिवायला मला अख्खी सकाळ लागली. कावेरी हळूहळू बाहेर आली आणि कापडाचं दुसरं टोक ताणून धरून बसली.

"अम्मा दोरा दातानं तोडायची, अल्वा," ती म्हणाली, कानडीत 'हो ना' म्हणतात तसं. मी तसाच तोडला.

घेर पुरा व्हायला चार दिवस लागले. तिने फ्रॉक मांडीवर पसरला आणि प्रत्येक टाक्यावरून बोट फिरवलं. फार वेळ फिरवलं.

"हे अम्माचं नाही," ती म्हणाली.

"नाही गं. अम्माचं मला नाही येत."

तिने मान डोलावली, फ्रॉक डोक्यातून घातला, आणि माझ्या कुशीत तोंड खुपसून मोठ्याने रडू लागली. आवाज ऐकून शकुंतलाबाई धावत आल्या. मी हातानेच त्यांना थांबवलं. आश्रमात आल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती.