काठाच्या ओळींचा चारा

"पाहुणे अर्ध्या तासात येतायत," कृषी संशोधन संस्थेचे साहेब कडाडले. "नवा चारा अजून गव्हाणीत का नाही?"

संशोधिका गोठ्याकडे धावली. चार वर्षं खपून तिने कमी पाण्यावर येणारी ही चाऱ्याची ज्वारी तयार केली होती. छपाईला गेलेल्या माहितीपत्रकात 'निर्धोक' हा शेरा तिचाच. तपासणी अर्थात मधल्या ओळींची. पाणी धड न पोचणाऱ्या काठाच्या दोन ओळी सोडून द्यायच्या, ही संशोधनाची रीतच. मधलं पीक मोजणीसाठी राखायचं, म्हणून आज पाहुण्यांसाठी काठ कापला होता. आणि गोठेवाले मामा त्या चाऱ्याच्या गाडीपुढे पाय रोवून उभे!

"मामा, सरका बाजूला."

"नाही, ताई. उन्हानं करपून पुन्हा फुटलेले कोंब आहेत हे. कोंबातलं विष भिनून, किराळ लागून गाय उभ्याची आडवी होईल."

"हे वाण मी तपासलंय!"

"कुठलं? पाणी प्यालेलं, मधलं! बोहल्यावरचा नवरा बघून स्वभाव सांगण्यातली गत ही. हल्ली पाऊस रुसला की अख्खं रान काठासारखं होतं. शेतकऱ्यानं मधल्या ओळी कुठून आणायच्या?"

तिने गाडीतले मूठभर कोंब उचलले. गाई दाव्याला हिसडे देत हंबरत होत्या.

"साहेब, पंधरा मिनिटं द्या."

"संस्थेचं नाव जाईल!"

"आणि गाय गेली तर?"

तिने कोंब ठेचून बाटलीत भरले, वर तपासणीचा पिवळा कागद लटकवला, बूच लावलं. साहेब येरझाऱ्या घालू लागले. कागद नारिंगी झाला... आणि बघता बघता विटकरी! विष होतं!

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "पाहुण्यांना आता काय दाखवू?"

"हाच कागद," ती म्हणाली. तिने छापखान्याला फोन लावला, "छपाई थांबवा. शेरा चुकलाय. माझा." मग मामांकडे वळून तिने हात जोडले.

"अहो, मला कसले जोडता?" मामा ओशाळले. "चला, गाडी मागे ढकलायला हात लावा."

बंधुभगिनींनो, हवामान बदललं, पण आपली मोजपट्टी जुनीच! सोयीचं तेवढं पाहून 'सारं ठीक' म्हणणं हेही खोटंच. मुक्या जिवाला पत्रक वाचता येत नाही. आपण पुढे टाकू ते तो विश्वासाने खातो. तो विश्वास म्हणजे देवाने आपल्या हाती सोपवलेली ठेव आहे. तिला दगा देऊ नये!